परदेशी उमेदवारांची कागदपत्रे आणि नोकरीतील भेदभाव : या चुका टाळा

मुंबईत नोकरीसाठी आलेल्या परदेशी नागरिकाचा अर्ज नाकारला जातो, तेव्हा ‘कागदपत्रे पूर्ण नाहीत’ एवढेच कारण बहुतेकदा दिले जाते. ते कारण काही वेळा खरे असते. पुष्कळदा मात्र कोणता कागद कशासाठी मागायचा हेच कंपनीच्या एचआर विभागाला ठाऊक नसते. आणि काही वेळा निर्णय उमेदवाराचा वर्ण, चेहरा किंवा आडनाव पाहून आधीच झालेला असतो व कागदपत्रे हे केवळ निमित्त ठरते. ओळख, नागरिकत्व आणि काम करण्याचा अधिकार या तीन वेगळ्या बाबी आहेत आणि त्या तिन्ही सिद्ध करणारा एकच कागद बहुतेकांकडे नसतो. हे लक्षात न घेतल्यामुळे अपात्र व्यक्तीला कामावर घेतले जाते आणि पात्र व्यक्तीला दारातूनच परत पाठवले जाते.

आधार कार्डावर सगळी भिस्त ठेवणे

ही सर्वांत मोठी चूक आहे. २०१६ च्या आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच स्पष्ट म्हटले आहे की, आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत १८२ किंवा त्याहून अधिक दिवस भारतात राहिलेल्या परदेशी व्यक्तीलाही आधार मिळू शकते. अशा कार्डाची मुदत साधारणपणे व्हिसाच्या मुदतीइतकी असते. ओसीआय कार्डधारक (मुख्यतः भारतीय वंशाचे परदेशी नागरिक) तसेच नेपाळ व भूतानचे नागरिक यांच्यासाठी ती दहा वर्षांची आहे. आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ असल्याने कोणी भारताचा नागरिक ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये एका जामीन अर्जावर निर्णय देताना स्पष्ट केले.

हाच नियम उलट बाजूनेही लागू होतो, आणि ती बाजू हमखास विसरली जाते. नुकत्याच भारतात आलेल्या उमेदवाराकडे आधार नसणे स्वाभाविक आहे, त्यावरून तो बेकायदा राहत आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर खासगी आस्थापनेला आधारची सरसकट सक्ती करता येत नाही. ‘आधार नाही, म्हणून मुलाखत नाही’ हे धोरण त्यामुळे अन्यायकारक तर आहेच, पण ते कंपनीचे संरक्षणही करत नाही.

व्हिसाचा प्रकार न वाचता होकार किंवा नकार देणे

तपासायचा असतो तो काम करण्याचा अधिकार, आणि तो उमेदवारागणिक वेगळ्या कागदातून दिसतो. रोजगार व्हिसा ठरावीक नियोक्त्याशी बांधलेला असतो. एका कंपनीसाठी मिळालेल्या व्हिसावर भारतात राहूनच दुसऱ्या, संबंध नसलेल्या कंपनीत जाता येत नाही. या व्हिसासाठी सामान्यतः वार्षिक १६.२५ लाख रुपयांच्या वेतनाची अट आहे; मात्र विशिष्ट देशाचे पदार्थ बनवणारे स्वयंपाकी आणि इंग्रजीखेरीज अन्य परदेशी भाषांचे शिक्षक व अनुवादक यांना त्यातून सूट आहे. अंधेरीतील एखाद्या जपानी उपाहारगृहाने किंवा जर्मन शिकवणाऱ्या शाळेने ‘एवढा पगार आम्हाला परवडणार नाही’ म्हणून योग्य उमेदवार नाकारण्याआधी ही सूट तपासून पाहावी. पर्यटन व्हिसावर किंवा विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. रोजगार व्हिसाधारकाच्या पती वा पत्नीलाही केवळ सोबत आल्यामुळे हा अधिकार मिळत नाही. हे मुलाखतीच्या चौथ्या फेरीत कळण्याऐवजी पहिल्याच पत्रव्यवहारात कळावे, यातच दोघांचे हित आहे.

ओसीआय कार्डधारकाला खासगी नोकरीसाठी रोजगार व्हिसा लागत नाही. सरकारी पदे त्याला खुली नाहीत आणि पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रचार अशा काही कामांसाठी विशेष परवानगी घ्यावी लागते. एरवी तो थेट कामावर रुजू होऊ शकतो. तरीही त्याच्याकडे रोजगार व्हिसाच मागितला जातो. दुसरी अडचण पासपोर्ट क्रमांकाची. ओसीआय कार्डावर छापलेला क्रमांक अनेकदा जुन्या पासपोर्टचा असतो, आणि पडताळणी करणारी संस्था ‘क्रमांक जुळत नाही’ असा शेरा मारून मोकळी होते. वास्तविक २०२१ मध्ये बदललेल्या नियमांनुसार वयाची वीस वर्षे पूर्ण होण्याआधी कार्ड घेतलेल्यांना त्या वयानंतर नवा पासपोर्ट मिळाल्यावर कार्ड एकदाच बदलून घ्यावे लागते. त्यापुढे पासपोर्ट बदलला तरी कार्ड बदलण्याची सक्ती नाही, नव्या पासपोर्टची प्रत ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवणे पुरेसे असते. उमेदवाराने जुन्या पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत आणि संकेतस्थळावरील पोच सोबत जोडली, तर हा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो.

नेपाळच्या नागरिकांना तर व्हिसाच लागत नाही. १९५० च्या भारत–नेपाळ मैत्री कराराच्या सातव्या कलमाने वास्तव्य, मालमत्ता आणि व्यापार यांबाबत परस्परांच्या नागरिकांना समान सवलती दिल्या आहेत, आणि त्याच आधारावर हजारो नेपाळी कामगार मुंबईत राजरोस काम करतात. त्यांच्याकडे ‘वर्क परमिट’ मागणे म्हणजे अस्तित्वात नसलेला कागद मागणे होय. पाकिस्तान, अफगाणिस्तान व बांगलादेशातून आलेल्या काही व्यक्तींना दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळालेला असतो आणि त्यावर खासगी नोकरी करता येते, हेही अनेकांना माहीत नसते.

चेहरा आणि भाषा यांवरून नागरिकत्व ठरवणे

मुंबईतील सोसायट्यांत सुरक्षारक्षकाचे नाव काहीही असले, तरी त्याला ‘बहादूर’ म्हणून हाक मारण्याची सवय जुनी आहे. ज्याला आपण नेपाळी समजतो, तो पुष्कळदा दार्जिलिंगचा, सिक्कीमचा किंवा आसामचा, म्हणजे आपल्याइतकाच भारतीय असतो. त्याच्याकडे पासपोर्ट मागितला जातो. तो नसला तर ‘मग तू इथला कसा?’ असे विचारले जाते. मणिपूर, मिझोराम किंवा नागालँडहून आलेल्या मुलींना ब्युटी पार्लरमध्ये, कॉल सेंटरमध्ये आणि रुग्णालयांत हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत ऐकावा लागतो. भारतीय नागरिकाला पासपोर्ट बाळगण्याची सक्ती नाही आणि बहुसंख्य मराठी उमेदवारांकडेही तो नसतो. त्यांना मात्र कोणी विचारत नाही.

बंगाली बोलणाऱ्या कामगारांची स्थिती याहून गंभीर आहे. पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद, मालदा जिल्ह्यांतील गवंडी, जरीकाम करणारे कारागीर आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांच्याकडे केवळ भाषेमुळे संशयाने पाहिले जाते. २०२५ मध्ये मुंबई परिसरातून ताब्यात घेतलेल्या काही बंगाली भाषक मजुरांना थेट सीमेपार पाठवण्यात आले आणि ते भारतीय असल्याचे निष्पन्न झाल्यावर परत आणावे लागले, अशा बातम्या आल्या. मुकादमाच्या किंवा ठेकेदाराच्या एका संशयाचा परिणाम कुठपर्यंत पोहोचू शकतो, हे यावरून ध्यानात यावे. कागदपत्रांची पडताळणी करणे हा नियोक्त्याचा अधिकार आहे, पण ती सर्वांची सारखीच झाली पाहिजे. लातूरहून आलेल्या कामगाराकडून दोन कागद घ्यायचे आणि मालदाहून आलेल्याकडून सात, हा माझ्या मते उघड भेदभाव आहे, मग त्याला दक्षता असे कितीही चांगले नाव दिले तरी.

नाव आणि तारखांतील फरकाला बनावटगिरी समजणे

आपल्याकडील अर्जात स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन रकाने असतात व संगणक तिन्ही भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. अनेक देशांच्या पासपोर्टवर वडिलांचे नाव नसतेच, आणि काही समाजांत आडनावही नसते. उमेदवार नाइलाजाने काहीतरी भरतो आणि पुढे पॅन, बँक खाते व पासपोर्ट यांवरील नावे एकमेकांशी जुळत नाहीत. अशा वेळी पासपोर्टवरील नाव जसेच्या तसे प्रमाण मानावे, रिकामा रकाना रिकामा ठेवू द्यावा आणि फरकाबाबत उमेदवाराचे एक लेखी निवेदन घ्यावे.

तारखांचेही तसेच. अमेरिकी पद्धतीत महिना आधी लिहितात, त्यामुळे ०४/०७ म्हणजे ४ जुलै की ७ एप्रिल, हे विचारून घ्यावे लागते. नेपाळच्या नागरिकता प्रमाणपत्रावर जन्मवर्ष विक्रम संवतात असते. त्यावर २०५० दिसले म्हणजे खाडाखोड झाली असे नाही. ते वर्ष १९९३–९४ असते. प्रमाणपत्र देवनागरीत असल्यामुळे मराठी माणसाला ते सहज वाचता येते, आणि म्हणूनच गैरसमजही चटकन होतो.

भीतीपोटी सरसकट नकार देणे

१ सप्टेंबर २०२५ पासून ‘आप्रवासन आणि परदेशी नागरिक अधिनियम, २०२५’ लागू झाला असून बनावट पासपोर्ट किंवा व्हिसा वापरल्यास दोन ते सात वर्षे कारावास आणि एक ते दहा लाख रुपये दंड अशी तरतूद त्यात आहे. त्यामुळे नियोक्त्यांनी सावध असणे समजण्यासारखे आहे. पण ‘परदेशी नकोतच’ हे त्याचे उत्तर नव्हे. राज्यघटनेचे कलम १६ केवळ नागरिकांसाठी आणि सरकारी नोकऱ्यांपुरते आहे; कलम १४ व २१ परदेशी व्यक्तींनाही संरक्षण देतात, पण ते प्रामुख्याने शासनाच्या कृतीविरुद्ध. खासगी नोकरीत राष्ट्रीयत्वावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध सर्वंकष कायदा आपल्याकडे नाही. कायद्यात ही पोकळी असल्यामुळेच कंपनीचे स्वतःचे लेखी धोरण महत्त्वाचे ठरते. ‘तुम्हाला या पदावर भारतात काम करण्याचा अधिकार कोणत्या आधारे आहे?’ हा एकच प्रश्न प्रत्येक उमेदवाराला, नाव वा चेहरा न पाहता, अर्जाच्या त्याच टप्प्यावर विचारावा, आणि मूळ कागदांची तपासणी निवड झाल्यावर करावी.

उमेदवारांकडून होणाऱ्या चुका

‘आठ दिवसांत आधार काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नये. खोट्या पत्त्यावर काढलेले कार्ड पुढे खऱ्या व्हिसालाही धोक्यात आणते. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या रोजगार व्हिसावर आल्यास १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे, म्हणजे एफआरआरओकडे, ऑनलाइन नोंदणी करावी आणि तिची प्रत अर्जासोबत ठेवावी. पासपोर्टच्या प्रती व्हॉट्सॲपवर अनोळखी क्रमांकांना पाठवू नयेत; प्रत द्यावीच लागली, तर तिच्यावर कंपनीचे नाव, उद्देश आणि तारीख आडवी लिहून द्यावी.

मूळ पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात ठेवू नये. ‘रुजू होईपर्यंत कपाटात राहू द्या’ असे कितीही गोडीने सांगितले, तरी तो दाखवून लगेच परत घ्यावा. पासपोर्ट जप्त करणे हा पासपोर्ट कायद्यानुसार सक्षम प्राधिकाऱ्याचा अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सुरेश नंदा प्रकरणात सांगितले आहे. खासगी नियोक्त्याला तो अधिकार नाही. कोणी पासपोर्ट परत देण्यास नकार दिला, तर प्रथम लेखी मागणी करावी, तिची पोच घ्यावी आणि त्यानंतर जवळच्या पोलीस ठाण्याशी व आपल्या देशाच्या मुंबईतील वाणिज्य दूतावासाशी संपर्क साधावा. दूतावास मुंबईत नसेल, तर दिल्लीतील कार्यालयाला ईमेल पाठवून त्याची प्रत पोलिसांना दिलेल्या अर्जाला जोडावी.