बी पेशींचा सिग्नल मिळत नाही? प्रयोगशाळेतल्या या चुका टाळा

"सर, अँटी-आयजीएम घातलं, तरी कर्व्ह उठेनाच की!" बेळगावात एम.एस्सी. किंवा पीएच.डी.साठी बी पेशींवर, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींवर, काम करणाऱ्या मुलामुलींच्या तोंडून हे वाक्य वरचेवर ऐकू येतं. (अँटी-आयजीएम म्हणजे बी पेशीवरच्या आयजीएम रिसेप्टरला धरून पेशीला चेतवणारी अँटिबॉडी, आणि कर्व्ह म्हणजे त्यामुळे पेशीत वाढणाऱ्या कॅल्शियमचा आलेख.) पुढचं पाऊलही ठरलेलं असतं. अँटिबॉडी खराब झाली असं धरून चालायचं आणि बेंगळुरूहून नवी व्हायल मागवायची. पैसे जातात, आठवडे जातात आणि कर्व्ह जिथल्या तिथे. माझं कळकळीचं सांगणं आहे की नवी ऑर्डर देण्याआधी मागे वळून बघा. उद्दीपन देईपर्यंत त्या पेशींचं काय काय झालं, हे टप्प्याटप्प्याने तपासा. थंडी, चुंबकी मणी, ओळखीसाठी लावलेली अँटिबॉडी, पाण्यातलं एंडोटॉक्सिन (बॅक्टेरियाच्या भिंतीतलं विष) या सगळ्याचा परिणाम बी पेशीवर होतो. म्हणून सिग्नल बिघडण्याची बहुतेक कारणं उद्दीपनाच्या आधीच घडून गेलेली असतात.

आधी साखळी डोक्यात पक्की हवी. पेशीच्या पृष्ठभागावरच्या आयजीएमची आतली शेपटी फक्त ३ अमिनो आम्लांची असते, त्यामुळे ते एकटं आत काही कळवू शकत नाही. ते काम सीडी-७९-ए आणि सीडी-७९-बी ही जोडी करते. तिथून सिग्नल लिन, मग सिक, बीएलएनके, बीटीके, पीएलसी-गॅमा-२ या प्रथिनांतून पुढे जातो, आणि शेवटी आयपी-३ या छोट्या रेणूमुळे पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम बाहेर पडतं. हा साठा रिकामा झाला की पेशीच्या आवरणातले मार्ग उघडतात आणि बाहेरचं कॅल्शियम आत येतं. कॅल्शियमचा हा प्रवास दोन टप्प्यांत होतो, आणि निदान करताना नेमकी हीच गोष्ट कामाला येते.

कर्व्ह वाचायला शिका

कॅल्शियम मिळालं की चमकणारा डाय भरलेल्या पेशींची ट्यूब फ्लो सायटोमीटरला (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्राला) लावली की पहिलं मिनिटभर काही न घालता फक्त रेघ बघा. रेघ आधीच वर असेल किंवा हळूहळू चढत असेल तर पेशी मरतायत, नाहीतर वेगळ्या केल्यावर त्यांना विश्रांती मिळालेली नाही. ३७ अंशांवर अर्धा ते एक तास ठेवून पुन्हा बघा. रेघ सपाट असली तरच अँटी-आयजीएम घाला, आणि प्रत्येक ट्यूबच्या शेवटी आयनोमायसिन (रिसेप्टरला वगळून थेट पेशीत कॅल्शियम सोडणारं रसायन) घालाच. वेळ वाचवायला पुष्कळजण हे शेवटचं काम गाळतात. तसं केलं तर ती ट्यूब तुम्हाला काहीच सांगू शकत नाही.

आयनोमायसिनलाही रेघ हलली नाही, तर दोष डायचा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या दिवसांत हे जास्त होतं, आणि त्याला कारण आहे. फ्लुओ-४ सारखे डाय एस्टर स्वरूपात डीएमएसओमध्ये विरघळवून ठेवलेले असतात. फ्रीजरमधून काढलेली थंड व्हायल पावसाळी हवेत तशीच उघडली की ओल आत शिरते, डीएमएसओ ती शोषून घेतो आणि एस्टर तुटतो. तुटलेला डाय पेशीत शिरत नाही. व्हायल सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच झाकण उघडा. एका वेळेपुरते छोटे भाग करून ठेवलेले सगळ्यात उत्तम.

कर्व्ह झटकन उठून लगेच खाली बसला, तर पहिला टप्पा झाला पण दुसरा झाला नाही. म्हणजे बाहेर कॅल्शियमच नाही. कॅल्शियम नसलेल्या फॉस्फेट बफरमध्ये पेशी ठेवल्या असतील, किंवा वेगळ्या करतानाच्या बफरमधलं, कॅल्शियम धरून ठेवणारं ईडीटीए धुऊन निघालेलं नसेल. आयनोमायसिनला कर्व्ह छान उठतो पण अँटी-आयजीएमला नाही, असं झालं तर मात्र रिसेप्टरकडे वळा. आणि ट्यूब एसीच्या झोतात ठेवू नका. तापमान उतरलं की प्रतिसाद मंद आणि बुटका होतो.

अँटिबॉडी खराब नसते, चुकीची असते

अख्खी आयजीजी अँटिबॉडी उद्दीपनासाठी वापरणं ही माझ्या मते सगळ्यात महागाची चूक. तिचं एक टोक रिसेप्टरला धरतं आणि शेपटीकडचं टोक त्याच पेशीवरच्या एफसी-गॅमा-आर-२-बी ला जाऊन बसतं. हा रोखणारा रिसेप्टर एसएचआयपी-१ या एन्झाइमला बोलावतो आणि कॅल्शियमचा सिग्नल दाबला जातो. म्हणजे एका हाताने चालू आणि दुसऱ्या हाताने बंद. शेपटी काढलेला, दोन हातांचा एफ-एबी-टू तुकडाच मागवा. एकच हात असलेला एफ-एबी चालणार नाही, कारण दोन रिसेप्टर जोडण्याची ताकद त्यात नसते.

दुसरी गोष्ट, बी पेशी ओळखण्यासाठी आधी आयजीएम किंवा रिसेप्टरच्या कॅपा-लॅम्डा साखळ्यांविरोधी अँटिबॉडी लावू नका. तुमचं उद्दीपन तिथेच होऊन जातं. उंदराच्या प्लीहेतून पेशी काढताना बी पेशींवरच्या बी-२२० ला चुंबकी मणी लावून ओढण्यापेक्षा सीडी-४३ वापरून नको त्या पेशी काढून टाका. शांत बी पेशींवर सीडी-४३ नसतं, त्यामुळे त्यांना कुणाचा हात लागत नाही.

रक्ताचे नमुने निपाणी, चिकोडी, खानापूरहून येतात तेव्हा भल्या हेतूने बर्फात घालून पाठवले जातात. जिवंत पेशींसाठी हे करू नका. हेपरिनच्या ट्यूबमध्ये, खोलीच्या तापमानाला, त्याच दिवशी. रक्तातल्या पेशी वेगळ्या करणारं फायकॉलही फ्रीजमधून काढून थेट वापरू नये. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची सकाळ चांगलीच गार असते, तेव्हा बाटली आधी २० अंशांच्या आसपास आणा. सेंट्रीफ्यूजचा ब्रेक बंद.

फॉस्फो-फ्लो: घड्याळ

फॉस्फो-फ्लोमध्ये साखळीतल्या प्रथिनांवर लागलेले फॉस्फेट मोजतात. सिक आणि बीएलएनके पहिल्या एक-दोन मिनिटांत शिखर गाठतात, ईआरके हे पुढचं प्रथिन त्यानंतर. तरीही उद्दीपन दिल्यावर पेशी आधी सेंट्रीफ्यूज करून मग फिक्स करणारे आहेत. त्या पाच मिनिटांत फॉस्फेट काढून टाकणारी एन्झाइम आपलं काम उरकतात. फिक्स करणारं पॅराफॉर्मल्डिहाइड आधीच भरून ठेवा आणि वेळ झाली की थेट माध्यमातच घाला. नंतर मिथेनॉल वापरणार असाल तर पीई आणि एपीसी हे रंग त्याआधी लावू नका, मिथेनॉलमध्ये ते टिकत नाहीत.

सिग्नल खरंच रिसेप्टरमधून येतोय का, याची खात्री बीटीके रोखणाऱ्या इब्रुटिनिब या औषधाने करता येते. १९५२ साली ओग्डेन ब्रुटन यांनी ज्या मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन नसल्याचं दाखवलं, त्या आजारामागचं बीटीके हे जनुक १९९३ साली सापडलं, आणि इब्रुटिनिब त्याच एन्झाइमला कायमचं चिकटतं. ते लावूनही कर्व्ह तसाच राहिला, तर तुम्ही दुसरंच काही मोजताय.

वेस्टर्न ब्लॉटबद्दल एवढंच: फॉस्फो अँटिबॉडीसाठी दुधाच्या पावडरीने ब्लॉक करू नका. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे. बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या.

वनस्पतींचे अर्क आणि एंडोटॉक्सिन

आपल्या भागात हा विषय येणारच. पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था बेळगावातच आहे, खानापूर-जांबोटीचं रान हाकेच्या अंतरावर, आणि गुळवेलीचा अर्क बी पेशींवर घालून बघावा असं दर वर्षी कुणाला तरी वाटतंच. वाटायलाच हवं, प्रश्न मोलाचा आहे. म्हणूनच तो कच्चा राहू नये असं मला मनापासून वाटतं. उंदराच्या बी पेशी टीएलआर-४ या रिसेप्टरमधून एंडोटॉक्सिनला जोरदार प्रतिसाद देतात, आणि रानातून आणलेल्या खोडावर बॅक्टेरिया असतातच. पेशी वाढल्या, 'प्रतिकारशक्ती वाढली' असं लिहिलं जातं, आणि वाढवलेलं असतं बॅक्टेरियाच्या भिंतीने.

"ऑटोक्लेव्ह केलंय सर" हे उत्तर पुरत नाही. एंडोटॉक्सिन ऑटोक्लेव्हमध्ये टिकतं, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही पार होतं. काचसामान २५० अंशांच्या कोरड्या उष्णतेत अर्धा तास ठेवा. अर्काची एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी करा, आणि एंडोटॉक्सिनला बांधून ठेवणारं पॉलीमिक्सिन-बी घातलेली एक ट्यूब सोबत चालवा. नुसत्या द्रावकाची ट्यूब आणि पेशींशिवाय नुसत्या अर्काची ट्यूबही हवी, कारण हरितद्रव्य आणि तपकिरी रंगद्रव्यं स्वतःच चमकतात. माणसाच्या बी पेशींवर टीएलआर-४ फारच कमी असतं. तेव्हा उंदराच्या पेशी भराभर विभागल्या आणि माणसाच्या जागच्या हलल्या नाहीत, तर प्रबंधाचं पान लिहायला घेण्याआधी एंडोटॉक्सिन मोजून घ्या.