कोबाचे माया अवशेष गाईडशिवाय पायी कसे बघायचे (खान्देशातून जाणाऱ्यांसाठी)

आपल्या जळगाव-धुळ्याकडची बरीच पोरं आता अमेरिकेत आहेत आणि आईवडील तिकडे गेले की मेक्सिकोतल्या कॅनकुनची ट्रिप ठरलेलीच असते, मग सगळे चिचेन इत्झाला जातात, पिरॅमिडसमोर फोटो काढतात आणि परत येतात. चिचेन बघाच, पण एक अख्खा दिवस तिकडच्याच कोबा या जुन्या शहराच्या अवशेषांना द्या, कारण माया लोकांचं (त्या भागातली प्राचीन संस्कृती) शहर स्वतःच्या पायांनी फिरून समजून घ्यायचं असेल तर त्याच्यासारखी जागा नाही. सावली आहे, गर्दी त्यामानाने कमी आणि तुम्ही चालता तेच मुळात त्यांच्या जुन्या रस्त्यांच्या मार्गाने.

आधी कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर चालू अमेरिकन व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, पण अमेरिकेत परत शिरताना तुमचा व्हिसा सिंगल एन्ट्रीचा नाही ना हे तिकीट काढायच्या आधीच तपासा. नोव्हेंबर ते मार्च हा काळ चांगला, जून ते ऑक्टोबर पाऊस आणि वादळांचा. आणि आपण मे महिन्यात भुसावळचं ऊन काढलेली माणसं असलो तरी तिथल्या उकाड्याला हलकं घेऊ नका, आपला उन्हाळा कोरडा असतो आणि तिथे घाम वाळतच नाही, त्यामुळे पाणी जास्त ठेवा, सोबत मीठ-साखर किंवा ओआरएस, आणि मच्छरांचं औषध विसरू नका.

जवळच्या तुलुम गावात मुक्काम करा, तिथून कोबा साधारण ४५ किलोमीटर, बस मिळते. गेट सकाळी उघडतं तेव्हाच पोचायचं, तिकिटासाठी रोख पेसो ठेवा, ऑफलाइन नकाशा आदल्या रात्री डाउनलोड करा आणि टॉयलेट आत शिरण्याआधी उरकून घ्या. गुडघे दुखत असतील तर आत भाड्याने सायकल किंवा माणूस चालवतो ती तीनचाकी मिळते, आईवडिलांसाठी सरळ तीच घ्या.

पण खरी तयारी वेगळीच आहे आणि ती घरी बसून होते. मायांचे आकडे शिकून जा! अर्धा तास लागतो. एक ठिपका म्हणजे १, एक आडवी रेघ म्हणजे ५, म्हणजे दोन रेघा आणि तीन ठिपके झाले १३. शून्याला त्यांच्या पोथ्यांत शिंपल्यासारखं चिन्ह आहे. आपण दहाच्या पटीत मोजतो, ते विसाच्या. तारखेत फक्त एक जागा वेगळी, महिन्यावरून वर्षाला जाताना विसाऐवजी १८ ने गुणायचं: दिवस, मग २० दिवसांचा महिना, मग ३६० दिवसांचं वर्ष, मग ७,२०० दिवस, मग १,४४,०००. दिवस मोजायची सुरुवात धरलीय इसवी सन पूर्व ३११४ पासून. ज्या खान्देशात पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला आणि तसा शके ११२८ चा शिलालेख कोरलेला आहे, तिथल्या माणसाला हे शिकायला जड जाऊ नये. उलट जायच्या आधी एक रविवार पाटणादेवीला जा, शिलालेखासमोर उभं राहून अक्षरं लावायचा प्रयत्न करा, दगड वाचायची डोळ्याला सवय लागते.

आता रस्ता. आत गेल्यावर जवळच इमारतींचा पहिला समूह लागतो, तिथे ला इग्लेसिया नावाचा उंच पिरॅमिड आणि चेंडूच्या खेळाचं मैदान आहे, ते बघून पुढे निघा. वाटेत रस्त्याची उंची बघा. याला सकबे म्हणतात, दगडांची भर टाकून वर पांढऱ्या चुन्याचा थर द्यायचे, आणि कोबातून निघालेला एक सकबे याशुनापर्यंत जवळजवळ १०० किलोमीटर जातो. बैल नाही, घोडा नाही, चाकाची गाडी नाही, सगळं ओझं माणसाच्या पाठीवर, आणि तरी एवढे रस्ते बांधले, हे चालतानाच कळतं.

मग माकानशोक या दुसऱ्या समूहाचा फाटा घ्या. बरेच लोक हा सोडतात, तुम्ही सोडू नका. इथे छपराखाली शिलास्तंभ उभे आहेत, खूप झिजलेत, पण १ नंबरच्या स्तंभावर एकाखाली एक १३, १३, १३ अशी रांगच कोरलेली आहे, सृष्टीच्या आरंभाची तारीख सांगायला त्यांनी वर्षांच्या वर कितीतरी मोठमोठी एककं रचलीत. झिजलंय म्हणून निराश व्हायचं नाही, कोवळं तिरपं ऊन असताना रेघा जास्त दिसतात, भर दुपारी सगळं सपाट. फोटो काढून मोबाइलवर कॉन्ट्रास्ट वाढवा. दगडाला हात लावू नका, पाणी तर अजिबात मारू नका.

शेवटी नोहोच मुल हा पिरॅमिड, ४२ मीटर उंच. चढू देतात का ते त्या दिवशी तिथेच विचारा. पण त्याच्या जवळचा २० नंबरचा शिलास्तंभ शोधा, हाच माझा सगळ्यात आवडता. राजा बांधलेल्या कैद्यांच्या पाठीवर उभा आहे. चिन्हं दोन-दोनच्या जोडीने डावीकडून उजवीकडे आणि मग खाली अशी वाचायची. तारीख लागते ९, १७, १०, ०, ०, सगळ्यात मोठ्या एककापासून (१,४४,००० दिवस) खाली दिवसापर्यंत. गुणाकार करून बेरीज केली की बरोब्बर १४,२२,००० दिवस, म्हणजे इसवी सन ७८०. कागद-पेन घेऊन तिथेच करा हे गणित, घरच्या पोरांनाही करायला लावा, कुठल्याही गाईडपेक्षा जास्त लक्षात राहतं.

खाण्याचं: मक्याची टॉर्टिया मिळेल, मका चुन्याच्या पाण्यात शिजवून करतात. शाकाहारी असाल तर "सिन कार्ने, सिन मान्तेका" (मांस नको, चरबी नको) म्हणा, कारण बीन्समध्ये डुकराची चरबी घालतात. हाबानेरो मिरचीला आपल्या ठेच्याच्या भरवशावर भिडू नका.

दुपारनंतर कोबाच्या जवळच चोओ-हा, तामकाच-हा, मुल्तुम-हा ही जमिनीखालची पाण्याची कुंडं आहेत, तिथे पोहता येतं, आधी अंघोळ करून सनस्क्रीन धुऊन टाकायचं. आणि दुसऱ्या दिवशी चिचेनला जाणार असाल तर ते युकातान राज्यात आहे आणि तिथलं घड्याळ तुलुमपेक्षा एक तास मागे आहे, परतीच्या बसची वेळ कुठल्या घड्याळाची आहे ते तिकीट घेतानाच विचारून ठेवा.