लोणच्याच्या कैऱ्या आणण्याआधी या चुका टाळा

फोडी ताटात पसरलेल्या आणि बरणी अजून माळ्यावर, अशी माझी गत एकदा झाली होती. घाईघाईत बरणी काढली, धुतली, फडक्याने पुसली आणि लोणचं भरलं. गळा कोरडा झाला, पण तळाशी ओल राहून गेली. जुलैत झाकण उघडलं तर वर पांढरी बुरशी. अख्खी बरणी टाकून द्यावी लागली. तेव्हापासून मी लोणच्याची सुरुवात बरणीपासून करते, कैरीपासून नाही.

लोणचं टिकतं ते मीठ, कैरीचा आंबटपणा आणि वरचा तेलाचा थर यांच्यामुळे. पाणी शिरलं की तिथलं मीठ पातळ होतं आणि बुरशीला जागा मिळते. म्हणून चिनीमातीची बरणी दोन दिवस आधी गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात आडवी ठेवा. उभी ठेवली तर तळ लवकर वाळत नाही. आतल्या झिलईला तडा गेला असेल तर ती बरणी लोणच्याला घेऊ नका, तड्यात ओल मुरते. झाकण, डाव, परात, तोंडाला बांधायचा दादरा, सगळं त्याच उन्हात वाळवा. जूनमध्ये आभाळ भरून आलं की हे जमत नाही, त्यामुळे एवढं काम मे महिन्यातच उरकलेलं बरं.

दुसरी चूक बाजारात होते. विक्रेता कैऱ्या फोडून देतो ही मोठी सोय, पण त्या न धुतलेल्या असतात आणि फोडी धुवायच्या म्हणजे पुन्हा पाणी आलंच. आधी कैऱ्या घरी आणा, धुवा, पुसून तासभर पंख्याखाली ठेवा आणि मग कोरड्या पिशवीतून फोडायला न्या. नाहीतर शेजारून अडकित्ता आदल्या दिवशीच मागून ठेवा. विळीवर बाठ फोडायच्या भानगडीत पडू नका, हात कापतो. कैरी बाठ धरलेली, कडक आणि आतून पांढरी हवी. आतून पिवळी निघाली तर ती पिकू लागली आहे, तिच्या फोडी मऊ पडणार. अशी एखादी निघालीच तर बाजूला काढून मेथांबा करा.

मिठाचं प्रमाण वाटीने धरू नका. एकाच वाटीत खडेमीठ कमी वजनाचं बसतं, बारीक मीठ जास्त. कैऱ्यांचं नाही, फोडींचं वजन करा आणि किलोला साधारण 200 ग्रॅम मीठ घ्या. मीठ कोरडं भाजून गार करून ठेवा. रक्तदाब आहे म्हणून मीठ कमी करायचं असेल, तर लोणचं थोडंच घाला आणि फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवा. वर्षाच्या बरणीत ही काटकसर चालत नाही.

फोडणी सकाळी सर्वांत आधी करा. तेल गार व्हायला वाटतं त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, आणि दुपारी कंटाळून कोमट फोडणी ओतली की फोडी शिजतात. मग कुरकुरीतपणा गेलाच. मोहरीची डाळ, तिखट, हळद, तळून कुटलेली मेथी आणि हिंग हेही मोजून ताटात तयार हवं.

भरल्यावर दोन-तीन दिवसांत खार सुटतो. आठवडाभर रोज कोरड्या डावाने हलवा. फोडी तेलाच्या वर डोकावत असतील तर आणखी तेल कडकडीत तापवून, पूर्ण गार करून ओता. बुरशी दिसलीच तर वरची खरवडून खालचं खाऊ नका, सगळं टाका. जीव तुटतो, मला माहीत आहे.

आणि एक छोटी बरणीही त्याच दिवशी उन्हात ठेवा. आठवड्याचं लोणचं तिच्यात काढून घेतलं की मोठ्या बरणीचा दादरा रोज सोडावा लागत नाही.