परभाषेतल्या ऑनलाइन गप्पांवर संशोधन करायचंय?

‘पेट’ (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) निघाली, गाइड मिळाले, विषय ठरला ‘ऑनलाइन देवाणघेवाणीतून परकीय भाषा शिकणं’. असं सांगत भेटायला येणाऱ्या मुलामुलींच्या हातात बहुतेकदा प्रश्नावली तयारच असते. ‘जर्मन बोलताना तुम्हाला कितपत आत्मविश्वास वाटतो?’ आणि खाली पाच पर्याय. माझं सांगणं एकच असतं : प्रश्नावली नंतर. आधी दोघांचं एक अख्खं बोलणं कान देऊन ऐका आणि ते कुठे अडतं ते बघा.

मी टँडम जोड्यांवर काम करते. मराठवाड्यातला जर्मन शिकणारा विद्यार्थी आणि जर्मनीत हिंदी शिकणारा विद्यार्थी. अर्धा वेळ जर्मन, अर्धा वेळ हिंदी. इंटरनेटवर ही पद्धत रुजली १९९०च्या दशकात, जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या हेल्मुट ब्रामर्ट्स यांच्या पुढाकारानं. तेव्हा सगळं ईमेलवर चाले. पुढे ब्राझीलमध्ये २००६पासून व्हिडिओवरचं टेलेटँडम उभं राहिलं. हा इतिहास एका प्रकरणात मावतो, त्यात वर्ष घालवू नका.

खरा माल अडण्यात आहे. व्हारोनिस आणि गॅस या दोघी भाषा-अभ्यासकांनी १९८५मध्ये अशा जागांची बांधणी दाखवून दिली : एकाच्या बोलण्यातलं काहीतरी दुसऱ्याला कळत नाही, तो तसं सुचवतो, पहिला ते वेगळ्या शब्दांत सांगतो, मग दुसरा पावती देतो आणि गाडी पुढे जाते. हे वाचून आपली पोरं रेकॉर्डिंगमध्ये ‘पुन्हा सांगाल का?’ शोधत बसतात आणि ते फारसं सापडत नाही. कारण आपल्याकडचा विद्यार्थी विचारतच नाही. तो ‘या, या’ (जर्मनमध्ये ‘हो, हो’) म्हणतो, हसतो, मान डोलावतो. वर्गात सरांना पुन्हा विचारणं आगाऊपणाचं वाटत आलेलं असतं. इथे तर समोर परका माणूस. न कळलेलं तसंच जाऊ द्यायची ही रीत भाषा-अभ्यासक अ‍ॅलन फर्थ यांनी १९९६मध्ये व्यापारी फोनवरच्या इंग्रजी संभाषणांत नोंदवली होती, म्हणजे ती फक्त आपली नाही. पण तुमच्या डेटात ती दिसणार कशी? नुसत्या ट्रान्सक्रिप्टमध्ये ‘या’ म्हणजे ‘या’च.

त्यासाठी रेकॉर्डिंग विद्यार्थ्याला परत ऐकवा. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. आठवडा गेला की तो आठवून नव्हे, अंदाजानं सांगायला लागतो. आणि विचारा त्याच्या बोलीत. ‘इथं काय चाललं होतं रे डोक्यात?’ एवढंच. प्रमाण मराठीत, फॉर्म समोर ठेवून विचारलं की तो परीक्षेला बसतो. बोलीत विचारलं की सांगतो, ‘मॅडम, इथं मला काहीच कळलं नव्हतं, पण तो लई भरभर बोलत होता.’ माझ्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग अशा उत्तरांतून आलाय.

दुसरी गोष्ट नेटवर्कची, आणि ती केवळ सोयीची बाब नाही. तालुक्याच्या गावातून कॉल असेल तर आवाज उशिरा पोचतो. ऐकणाऱ्याला वाटतं, समोरचा अडखळला. तुम्हीही ट्रान्सक्रिप्टमध्ये तिथे दोन सेकंदांची शांतता लिहिता आणि तिला ‘विचार करणं’ समजता. म्हणून जमेल तेव्हा दोन्ही टोकांना स्वतंत्र रेकॉर्डिंग करा. नेदरलँड्समधल्या नाइमेखनच्या माक्स प्लांक संस्थेचं एलान हे सॉफ्टवेअर मोफत आहे; त्यात दोन्ही फाइली वेळेनुसार शेजारी लावता येतात. एका तासाचं बोलणं उतरवायला कित्येक दिवस जातात, ते धरूनच वेळापत्रक करा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतलं घड्याळ बदलतं. साडेचार तासांचं अंतर उन्हाळ्यात साडेतीन होतं आणि जोड्यांची भेटीची वेळ चुकते.

मातृभाषेच्या रकान्याकडेही नीट बघा. देगलूर-बिलोलीकडच्या पोराच्या कानावर तेलुगू असते, उदगीरकडे कन्नड, आणि बाजारात दखनी (इकडची हिंदी-उर्दू बोली) सगळीकडेच. समोरचा हिंदी पुस्तकातून शिकलेला. त्याला ‘मुझे जाना है’ ठाऊक आणि इकडून ऐकू येतं ‘मेरेकू जाना है’. आता हिंदीच्या अर्ध्या तासात जाणकार कोण? काही मुली इथे गप्प होतात, काही खुशाल समजावून सांगतात की आमच्याकडे असंच बोलतात. त्या समजावण्यात त्यांचं जर्मनही अचानक मोकळं होतं. यावर कुणीतरी स्वतंत्र प्रबंध लिहावा, असं मला मनापासून वाटतं.

संमतीपत्र दोन्हीकडचं, दोन्ही भाषांत, पहिल्या कॉलच्या आधी. विद्यार्थी अठराच्या आतला असेल तर पालकांची सही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं २०२०मध्ये ऑनलाइन जपानी शिकत होती. अशा वयाच्या मुलांवर काम करायचं तर घरी जाऊन, बसून, समजावून सांगावं लागेल.

आरआरसीत, म्हणजे विषयाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीत, ‘सॅम्पल एवढंच?’ हा प्रश्न येणारच. तेव्हा गांगरू नका. आपण माणसं मोजत नाही, अडलेल्या जागा मोजतो, आणि एका जोडीच्या तासाभराच्या बोलण्यातही त्या भरपूर निघतात, हे उतरवलेलं एक पान समोर ठेवून दाखवा. ते पान सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहायच्या आधीच तयार हवं.