आईबाबांना सिंगापूरला आणताना

नवीन आलेल्या मराठी कुटुंबाचं घर लागलं, मुलांच्या शाळेचं मार्गी लागलं, की पुढचा फोन याच विषयाचा असतो: आईबाबांना कधी आणू, आणि त्यांचं म्हातारपण इथे निभेल का? मी सरळच सांगते. म्हाताऱ्या माणसांच्या सोयीत सिंगापूरचा हात धरणारे देश आशियात थोडेच सापडतील. पण ती सोय नागरिकांसाठी आहे, आणि बरीचशी पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना, मिळालेल्यांसाठी. आपल्या आईबाबांच्या वाट्याला त्यातलं फार थोडं येतं. हा हिशेब आधी नीट समजून घ्या, मग तिकिटं काढा.

पासापासून सुरुवात करू. तुम्ही एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे परदेशी नोकरदाराच्या परवान्यावर असाल आणि ठरलेला मासिक पगार किमान १२,००० सिंगापूर डॉलर असेल, तरच आईवडिलांसाठी लाँग टर्म व्हिजिट पासचा अर्ज करता येतो. बायको-मुलांसाठी ही अट निम्मी, म्हणजे ६,०००. त्यामुळे अनेकजण गाफील राहतात: मुलं आली, आता आईही येईल असं गृहीत धरतात. पीआर किंवा नागरिक असाल तर अर्ज इमिग्रेशन खात्याकडे, आयसीएकडे जातो आणि पगाराची ही रेषा तिथे लागत नाही. एम्प्लॉयमेंट पासवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. आईबाबांचा पास तुमच्या नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की तुमच्याबरोबर त्यांनाही बाडबिस्तरा आवरावा लागतो. पुण्यातला किंवा नाशिकचा फ्लॅट विकून, सगळं मोडून आलेल्या ७५ वर्षांच्या माणसाला हे झेपत नाही. म्हणून तिकडचं घर, बँकेचं खातं आणि नेहमीचा डॉक्टर यांपैकी काही तोडू नका, असं मी प्रत्येकाला सांगते.

आता पैसा. इथले लोक मेडिशील्ड लाइफ, केअरशील्ड लाइफ, पायोनियर जनरेशन अशी नावं घेतात. ऐकून आपल्यालाही वाटतं की काहीतरी आपल्यासाठी असेलच. पहिल्या दोन विमा योजना नागरिक आणि पीआर यांच्या, तिसरी १९४९ किंवा त्याआधी जन्मलेल्या नागरिकांची. व्हिजिट पासवरच्या माणसाला पॉलिक्लिनिकात, म्हणजे सरकारी दवाखान्यातही पूर्ण दर पडतो, सरकारी रुग्णालयातही पडतो, आणि दाखल करताना डिपॉझिट मागतात. भारतातून काढलेला प्रवास विमा बहुतेक वेळा जुन्या आजारांना हात लावत नाही. आपल्या आईबाबांना तर मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असतात! पॉलिसीतलं ते कलम चष्मा लावून वाचा. एजंट काय म्हणाला त्यावर जाऊ नका. वर्षभर ठेवायचं असेल तर इथल्या खासगी विम्याची चौकशी त्यांच्या येण्याआधी करा. वय जितकं जास्त, तितके पर्याय कमी.

तातडीची अँब्युलन्स ९९५ वर मिळते. जिवावरचं नसेल तर १७७७. हे दोन आकडे फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावा, खाली घराचा ब्लॉक नंबर आणि पोस्टल कोड लिहा. इथे सहा आकडी पोस्टल कोड सांगितला की नेमकी इमारत सापडते, बाकी पत्ता इंग्रजीत सांगायची धडपड वाचते.

पण माझ्या मते औषधपाण्यापेक्षा जास्त विचार करायचा तो दिवसाचा. तुम्ही सकाळी आठला बाहेर पडता, सातला परतता. मधले अकरा तास आई बाराव्या मजल्यावर, खाली कुणी ओळखीचं नाही, टीव्हीवर तेच कार्यक्रम. सरकारी घरांच्या, म्हणजे एचडीबीच्या वस्त्यांत ॲक्टिव्ह एजिंग सेंटरं असतात. कॅरम, व्यायाम, गप्पा असं सगळं, पण तीही इथल्याच ज्येष्ठांसाठी. दिवसभर सांभाळणारी सीनियर केअर सेंटरंही आहेत. तिथे परदेशी माणसाला अनुदान नाही, आणि भाषा चिनी, मलाय, फार तर तमिळ. मराठी आजी तिथे गप्पच बसणार.

मग करायचं काय? सकाळी सातला खाली पाठवा. एचडीबीच्या खालच्या मोकळ्या जागेला इथे व्हॉइड डेक म्हणतात. तिथे नाहीतर जवळच्या बागेत चिनी बायका टेपरेकॉर्डर लावून ताई-ची करतात. कार्ड कुणी विचारत नाही. माझ्या सासूबाई पहिले काही दिवस बाकावर बसून नुसत्या बघायच्या, मग मागच्या रांगेत उभ्या राहायला लागल्या. इंग्रजी येत नव्हतं, मँडरिन तर नाहीच. पण महिन्याभरात एक चिनी आजी कुंडीतली कारली आणून द्यायला लागली, आणि आमच्याकडून तिला बेसनाचा लाडू जायला लागला. तिला तो फार गोड लागायचा. तोंड वाकडं करून दुसरा मात्र मागायची.

देवळाची सवय असेल तर लिटल इंडियात चांदर रोडवरचं लक्ष्मीनारायण मंदिर आपल्याकडच्यांना जवळचं वाटतं, कारण तिथे हिंदी चालतं. सेरंगून रोडवरचं श्रीनिवास पेरुमाळ मंदिर मोठं आणि देखणं, पण कारभार तमिळ. महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव चुकवू नका. आरतीपेक्षाही तिथे भेटलेल्या दुसऱ्या कुणाच्या आईचा फोन नंबर महत्त्वाचा. दोन आज्यांची गट्टी जमली की तुमचं निम्मं काम झालं.

घरात मदतीला हेल्पर ठेवायचा विचार जवळजवळ सगळेच करतात. परदेशी नोकरदारालाही ठेवता येते. तिच्या पगाराशिवाय सरकारला दरमहा ३०० डॉलरची लेव्ही, म्हणजे एक प्रकारचा कर, द्यावी लागते. घरात ६७ वर्षांवरचं माणूस असेल तर ती ६० वर येते असं कुणीतरी सांगेल. ती सवलत सिंगापूरचे नागरिक असलेल्या वृद्धांसाठी आहे. वैद्यकीय विमा काढणं बंधनकारक, आणि आठवड्याची सुट्टी कायद्याने तिचीच. जास्त पैसे देऊन ती सुट्टी विकत घेता येते, पण महिन्यातली किमान एक सुट्टी मात्र द्यावीच लागते. "गावाकडची ओळखीची बाई आणू का?" हा प्रश्न हमखास येतो. भारत मान्य देशांच्या यादीत आहे, पण बाईचं वय २३ ते ५० हवं आणि किमान आठ वर्षं शाळा झालेली हवी. बहुतेकींचं घोडं शाळेपाशी अडतं.

हेल्पर आली म्हणजे आईची सोय झाली, असं मात्र नाही. इंडोनेशियाहून किंवा म्यानमारहून आलेल्या मुलीला वरण-भात मऊ कसा शिजवायचा, इन्सुलिन जेवणाआधी किती वेळ द्यायचं, हे हाताला धरून शिकवावं लागतं. पहिले दोन आठवडे तुमच्यापैकी एकाने रजा काढाच. आणि तिच्या जेवणाकडे बघा. शुद्ध शाकाहारी घरात दिवसभर राबणाऱ्या मुलीला दोन पोळ्या आणि भाजीवर ठेवणं मला पटत नाही. तिला वेगळा तवा द्या, अंडं-मासळी खाऊ द्या. आईला सोवळ्याचं वाटत असेल तर तिची समजूत तुम्ही काढा, मुलीवर सोडू नका. आईला सवय असते बाईवर आवाज चढवायची. इथे ते चालत नाही, आणि चालूही नये.

इथले रीतिरिवाजही थोडे सांगते, कारण शेजार सांभाळायचा तो आईबाबांनाच. वयस्कर माणसाला, मग तो टॅक्सीवाला असो की भाजीवाली, अंकल आणि आंटीच म्हणायचं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, सत्तरीच्या आज्या टेबलं पुसताना दिसतील; आपल्या बाबांचा घास अडकतो तिथे. काहींना खरोखर पैशांची गरज असते, काहींना घरी बसवत नाही. उष्टी भांडी परत नेऊन ठेवा, तो इथे नियमच आहे. चिनी नववर्षाला शेजारच्या आजींकडे जाताना संत्री न्या: जोडीने, दोन्ही हातांनी द्या. घड्याळ भेट देऊ नका, म्हाताऱ्या माणसाला तर मुळीच नाही. ते मरणाचं लक्षण मानतात. व्हॉइड डेकवर पांढरा मंडप दिसला तर कुणाचं तरी अंत्यदर्शन चालू आहे, तीन, पाच किंवा सात दिवस. ओळखीचं घर असेल तर जाऊन या, पांढऱ्या पाकिटात थोडे पैसे द्यायची पद्धत आहे. मलाय शेजाऱ्यांची मुलं ईदला मोठ्यांचा हात हातात घेऊन त्याला ओठ लावतात. आमच्या बाबांना ते फार आवडलं होतं.

मुलांनी आईवडिलांना बघावं, याचा इथे कायदाच आहे. वॉल्टर वून या नामनियुक्त खासदाराने खासगी विधेयक म्हणून मांडलेला तो कायदा १९९५ साली संसदेत मंजूर झाला. साठीपुढच्या पालकाला मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. भारतात तसा कायदा २००७ मध्ये झाला. वृद्धाश्रमात ठेवणं मात्र इथेही अनेक घरांत शेवटचाच उपाय मानतात. यिशूनमधल्या श्री नारायण मिशनच्या आश्रमात सगळ्या वंशाधर्मांचे वृद्ध आहेत. पण आपण परदेशी म्हणून पूर्ण खर्च भरणार असू, तर त्या पैशात पुण्यात दोन बायका आणि एक नर्स ठेवता येईल, हे बोलायला कुणाला आवडत नाही.

सामान भरताना आईच्या पिशवीत स्वतः हात घाला. अनारशांसाठीची खसखस काढून ठेवा. ती अफूची बी, परवानगीशिवाय इथे आणता येत नाही. बाबांची तंबाखूची डबी तिकडेच. झोपेच्या, चिंतेवरच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांपैकी काहींना इथल्या औषध खात्याची, एचएसएची आगाऊ मंजुरी लागते, तेव्हा गोळ्यांची नावं आधीच तपासून घ्या. बाकीची औषधं तीन महिन्यांपुरतीच, मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसह.

आणि पहिल्या खेपेला साध्या व्हिजिट व्हिसावरच बोलवा. साधारण ३० दिवस मिळतात. तेवढ्यात आईचे गुडघे लिफ्टपर्यंतच्या पायऱ्या चढतात का, बाबांना इथल्या दमट हवेत झोप लागते का, हे कळतं. विमानाआधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरा. ते फुकट असतं. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा.