जीवघेण्या स्पर्धेची कुमार कादंबरी : आधी नियमावली, मग रिंगण

कुमारवयीन मुलांना मरणाच्या खेळात उतरवणारी कादंबरी लिहायची असेल, तर पहिले प्रकरण हाती घेण्यापूर्वी त्या स्पर्धेची नियमावली लिहून काढावी, आणि नियम असे असावेत की त्यांचा काच रिंगणात पोहोचण्याआधी पात्राच्या स्वयंपाकघरातच जाणवेल. सुझान कॉलिन्स यांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द हंगर गेम्स'मधली, स्पर्धक निवडणारी सोडत या दृष्टीने कागद-पेन्सिल घेऊन तपासावी. तेथे बाराव्या वर्षी प्रत्येकाच्या नावाची एक चिठ्ठी पडते आणि दरवर्षी एकेक वाढत अठराव्या वर्षी सात होतात. मात्र जादा चिठ्ठी टाकली, तर एका माणसापुरते वर्षाचे तुटपुंजे धान्य आणि तेल मिळते. घरातल्या प्रत्येक माणसासाठी अशी चिठ्ठी घेता येते आणि त्याही साठत जातात. म्हणून सोळा वर्षांच्या नायिकेच्या, कॅटनिसच्या नावे २० चिठ्ठ्या आहेत : वयाच्या पाच, आणि आई, बहीण व ती स्वतः यांच्यासाठी पाच वर्षांत घेतलेल्या पंधरा. घरात पाच तोंडे असलेल्या तिच्या अठरा वर्षांच्या मित्राच्या, गेलच्या नावे ४२ आहेत. ही व्यवस्था गरिबांनाच आधी गिळते, यावर लेखिकेने भाषण दिले नसते तरी बेरजेने ते काम केले असते.

स्पर्धकांची संख्या ठरवताना वाचकाच्या स्मरणशक्तीचा विचार करावा. बारा जिल्ह्यांतून एक मुलगा आणि एक मुलगी, असे २४ जण तेथे उतरतात. त्यांतले ११ पहिल्याच दिवशी मरतात आणि उरलेल्यांपैकी मोजक्यांनाच नावे मिळतात. सर्वांची ओळख करून देण्याचा अट्टहास नवोदित लेखक हमखास करतात, तो टाळावा.

रिंगणात गेल्यावर पात्राचा पहिला शत्रू तहान असू द्यावी. अन्नावाचून माणूस काही आठवडे तग धरू शकतो. पाण्यावाचून मात्र साधारण तीन दिवसांत, उन्हात त्याहूनही लवकर, प्राणावर बेतते. कॅटनिसला मिळालेल्या पिशवीत पाण्याची मोठी बाटली असते, पण ती रिकामी. पाणी शुद्ध करायला आयोडीन आहे आणि पाणीच नाही, ही विसंगती कोणत्याही तलवारबाजीपेक्षा अधिक ताण निर्माण करते. पुढे डबके सापडल्यावरही तिला आयोडीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबावे लागते, आणि तो अर्धा तास लेखिकेने गाळलेला नाही. आपल्या कादंबरीतही अशी प्रतीक्षा ठेवावी. शेकोटी पेटली, तर धूर आणि उजेड इतरांना दिसायला हवा. पाय भाजला, तर पुढच्या प्रकरणात तो पळताना आड यायला हवा.

हिंसेचे वर्णन थोडक्यात करावे, परंतु तिचा परिणाम थोडक्यात आटोपू नये. मारणाऱ्याच्या मनात मेलेल्याचे काय उरते, हे दाखवण्यास जागा राखून ठेवावी. एरवी पुस्तक नुसती गुणपत्रिका होते.

पहिला खर्डा पूर्ण झाला की प्रत्येक प्रकरणाच्या समासात तीन नोंदी कराव्यात : पात्र शेवटचे पाणी केव्हा प्यायले, ते शेवटचे केव्हा झोपले, आणि आता किती स्पर्धक जिवंत आहेत. ज्या प्रकरणात यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर सापडत नाही, तेथून पुनर्लेखन सुरू करावे.