रेडिएशनमध्ये तोंड येण्याआधी: लाळेचा नमुना कसा घ्यावा

तोंड-घशाच्या कॅन्सरचं रेडिएशन सुरू झालं की साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येतं. कुणाचं नुसतं लाल होतं, कुणाला पाण्याचा घोटही उतरत नाही. लाळेतल्या इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८, टीएनएफ-अल्फा या दाहाशी संबंधित प्रथिनांवरून हे आधी ओळखता येईल का, हा अभ्यासाचा विषय आहे. त्यावर औषध ठरवावं इतकी पक्की चाचणी अजून नाही.

पहिला नमुना पहिल्या फ्रॅक्शनच्या (रेडिएशनच्या एका वेळच्या डोसच्या) आधीच घ्या. तो हुकला तर पुढच्या नमुन्यांची तुलना कशाशी करणार? नुकताच दात काढला असेल तर तारीख लिहा, कारण ओल्या जखमेनेही हे आकडे चढतात. मग दर आठवड्याला, त्याच वारी, सकाळी ९ ते ११ मध्ये, त्या दिवसाच्या रेडिएशनआधी.

आधीचे ९० मिनिटं खाणं-पिणं, ब्रश, माउथवॉश, तंबाखू बंद. मशेरीचं वेगळं विचारा. ‘तंबाखू खाता का?’ला ‘नाही’ म्हणणाऱ्या बाईच्या लेखी मशेरी म्हणजे दंतमंजन.

साध्या पाण्याने चूळ भरायला सांगा, १० मिनिटं थांबा. मान खाली घालून, वजन केलेल्या नळीत ५ मिनिटं लाळ आपसूक गळू द्या. खाकरून काढलेला बेडका नको. लालसर छटा दिसली तर नमुना बाद, कारण रक्तातली प्रथिनं मिसळलेली असतात. नळी लगेच बर्फात; ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून गाळ तळाशी बसवून) वरचा निवळ भाग छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवा. एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवू नका.

खरी गफलत हिशेबात होते. समजा, सुरुवातीला ५ मिनिटांत २ ग्रॅम लाळ आली, म्हणजे मिनिटाला ०.४ मिली (१ ग्रॅम म्हणजे जवळपास १ मिली). इंटरल्यूकिन-६ निघालं मिलीला ५० पिकोग्रॅम. तिसऱ्या आठवड्यात लाळ मिनिटाला ०.१ मिलीवर आली आणि रिपोर्टात २०० दिसले. चौपट? गुणून पाहा: दोन्ही वेळा मिनिटाला २० पिकोग्रॅमच. लाळग्रंथी आटल्या, दाह होता तिथेच आहे. म्हणून नळीच्या वजनाशिवाय आलेला नमुना आम्ही घेतच नाही.

तोंड तपासून डब्ल्यूएचओ ग्रेड (तोंड किती आलंय याची ० ते ४ अशी श्रेणी) देणाऱ्याला हे आकडे आधी दाखवू नका. लाळेत चढ दिसला हे माहीत असलं की ग्रेड २ चा ३ व्हायला वेळ लागत नाही.